खिडकीचा आठवा नंबर

"नाही म्हणजे नाही. त्रिवार नाही."

"मावशी, आधी अर्ज तर वाचा!"

"वाचला. खोली बदलायला कारणं तीन. आजार, आवाज, भांडण. छापील रकाने आहेत. तुझं कारण यातल्या कुठल्या रकान्यात बसतं?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर खाली माझ्या हाताने लिहिलंय."

"लिहिलंयस ना! 'मला माझ्यासारख्या मुलींबरोबर राहायचंय.'" मावशीने अर्ज हातभर लांब धरला, जणू कागदाला वास येत होता. "तुझ्यासारख्या म्हणजे कशा गं? वकिली शिकणाऱ्या? का तासतासभर बाथरूम अडवून बसणाऱ्या?"

"काळ्या," मुलगी म्हणाली. "काळ्या, मावशी. तुमच्या-माझ्यासारख्या. उगाच ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

दारात सही करायला थांबलेल्या दोन मुली सही न करताच सटकल्या.

त्या ऑफिसात भिंतभर एक लाकडी फळी होती. तिच्यावर एकशे बारा खिळे, खिळ्याखिळ्याला एक किल्ली. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी कुठल्या खिळ्यावर हात गेला ते मावशी सांगायची. म्हणून ती किल्लीमावशी. मुलींच्या वसतिगृहात कोण कुठे आणि कुणाबरोबर राहणार, हे एकतीस वर्षं तीच ठरवत आली होती. रेक्टर आल्या, रेक्टर गेल्या. फळी आणि मावशी जागच्या जागी.

समोर उभी असलेली मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. बोलायला लागली की समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायची, म्हणून मावशीनेच तिचं नाव वकीलीणबाई पाडलेलं. एरवी ते नाव ऐकून ती हसायची. आज नाही हसली.

"हे बघ," मावशी जरा मवाळ झाली, "तो फोटोचा प्रकार माझ्या कानावर आलाय. घाणेरडा प्रकार. मी रेक्टरबाईंना सांगितलं, चौघींना कडक पत्रं गेली."

"पत्रं गेली, मावशी. झोप कुठे आली?"

प्रकार असा. मागच्या आठवड्यात संध्याकाळी वीज गेली. वकीलीणबाई आणि तिची खोलीतली जोडीदारीण, मावशीच्या भाषेत चष्मिश, अंधारात कॉटवर पाय पसरून बसल्या होत्या. चष्मिशने गंमत म्हणून फोटो काढला. दोघी पोट धरून हसल्या, कारण फोटोत चष्मिशची भिंगं आणि वकीलीणबाईचे डोळे तेवढे चमकत होते, जशी कपाटाखाली मांजरं. चष्मिशने तो एका मैत्रिणीला पाठवला. मैत्रिणीने तिच्या मैत्रिणीला. सकाळपर्यंत तो वसतिगृहाच्या ग्रुपवर होता. चष्मिश कापून टाकली होती. उरला होता फक्त अंधार, दोन डोळे, आणि खाली लिहिलेलं: 'शोधा पाहू, कोण आहे?'

त्याखाली बेचाळीस जणींनी हसरे चेहरे टाकले होते. वकीलीणबाईने ते मोजले होते. बेचाळिसांत चष्मिश नव्हती. पण चष्मिशने काही लिहिलंही नव्हतं. तिच्या नावापुढे वाचल्याची खूण तेवढी होती. मूग गिळून गप्प बसली ती.

"गोरी पोर आहे, घाबरली असेल," मावशी म्हणाली.

"असेल. पण फोटो माझ्या कॉटवरचा आहे. आता त्या कॉटवर पडलं की मला वाटतं अजून कुणीतरी काढतंय. आठ रात्री मी अभ्यासिकेच्या बाकावर झोपलेय. अडतीस नंबरची एक कॉट रिकामी आहे. तिथली मुलगी माझ्यासारखी आहे. तिने हो म्हटलंय. तुम्ही फक्त सही करायची आहे."

"योगायोगाने दोन काळ्या मुली एका खोलीत आल्या तर आल्या. पण मागून? मी रंग बघत नाही, नाव बघत नाही. एकतीस वर्षांत नाही पाहिलं."

"तुम्हाला बघावं लागत नाही म्हणून तर मला रोज बघावं लागतं."

मावशी उठली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक किल्ली होती, फळीवर जागा नसलेली. ती मुठीत धरून ती म्हणाली, "चल. तुला काहीतरी दाखवते. मग बोल मला."

मावशीने माणसं जोडायची आपली एक रीत काढली होती. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक नव्या मुलीला ती समोर बसवून तीन प्रश्न विचारायची. झोपताना दिवा हवा की अंधार? सकाळी उठल्या उठल्या कुणी बोललेलं चालतं का? आणि रडू आलं तर कुणी जवळ हवं, की दार बंद हवं? तिसऱ्या प्रश्नाला मुली फिस्सकन हसायच्या. मग उत्तर द्यायच्या, आणि उत्तर देताना हसणं थांबलेलं असायचं. ही उत्तरं कार्डावर. मग नाव आणि फोटो झाकतील अशी कागदाची पट्टी प्रत्येक कार्डावर टाचणीने लावायची, आणि तीन दिवस टेबलावर कार्डं मांडून बसायचं. पट्टी काढायची ती जोडी ठरल्यावरच.

जोड्या जमायच्याही. वीस-वीस वर्षांनी बायका नवऱ्याला, पोरांना घेऊन ऑफिसात यायच्या. "हीच ती मावशी! हिने आमची गाठ घातली." एक काळी, एक गोरी, आणि दोघींचे शब्द एकमेकींच्या तोंडात. मावशी वरून म्हणायची, "पुरे पुरे, हवेत चढवू नका," आणि नंतर दिवसभर हवेतच असायची.

स्वयंपाकघरामागे एक बोळ होता, तो उतरला की धुलाईघर. कपडे उकळायचा बॉयलर केव्हाच बंद पडलेला, त्याच्या पोटात आता झाडू आणि बादल्या. मावशी थांबली.

"माझी आई इथे इस्त्री करायची. मी आठ वर्षांची. घडी घातलेल्या चादरी डोक्यावर घेऊन त्या दाराशी नेऊन द्यायचे." तिने बोळाच्या टोकाच्या दाराकडे बोट केलं. "तेव्हा काळ्या मुलींना पुढच्या इमारतीत जागा नव्हती. कॉलेजात प्रवेश होता, पण झोपायला इथे. बॉयलरच्या भिंतीला लागून एक खोली. सात मुली. संध्याकाळी सातला बाहेरून कुलूप."

"बाहेरून?"

"बाहेरून. पुढे कायदा आला, खोली बंद झाली. मुली पुढे आल्या, पण कार्डं दोन रंगांची राहिली. पांढरी आणि तपकिरी. पांढऱ्याशी पांढरं, तपकिरीशी तपकिरी. मी सोळाव्या वर्षी इथे धुणं धुवायला लागले, सत्ताविसाव्या वर्षी ऑफिसात आले. पहिल्याच दिवशी सगळी तपकिरी कार्डं या बॉयलरमध्ये घातली. तेव्हाच्या रेक्टरबाई म्हणाल्या, अगं हे काय केलंस! मी म्हटलं, चुकून जळली."

वकीलीणबाई पहिल्यांदा किंचित हसली. "म्हणजे पुरावा नष्ट केलात."

"केला. आता बघ, कशाचा ते."

तिने गळ्यातली किल्ली लावली. दार दोन्ही हातांनी ढकलावं लागलं.

खोली अरुंद होती, आगगाडीच्या डब्यासारखी. जमिनीवर कॉटच्या पायांनी पाडलेले खळगे, चार-चारांचे सात चौकोन. दोन चौकोनांमध्ये पाऊल आडवं ठेवावं लागावं इतकीच जागा. डावीकडची भिंत बॉयलरची, अजूनही काळपटलेली. आणि टोकाला एकच खिडकी, एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढी. काच धुरकट, पण पलीकडे मुख्य फाटक आणि रस्ता दिसत होता.

मुलीने एका खळग्यात बोट घालून पाहिलं. दोन पेरं आत गेलं.

"दर वर्षी," मावशी म्हणाली, "कार्डं लावून झाली की मी एकटी इथे येते. हे कपाट उघडते." भिंतीतल्या कपाटाचं दार तिने उघडलं. आतल्या बाजूने लाकडावर ओरखडेच ओरखडे होते. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ, वरपासून गुडघ्यापर्यंत. "बघ. तुरुंगात माणसं भिंतीवर दिवस मोजतात ना, तसे मोजलेत पोरींनी. माझ्याने फार वेळ बघवत नाही. बघते, कुलूप लावते आणि जाते. आता सांग. तू मला म्हणतेस काळ्या मुलींना पुन्हा एका खोलीत घाल. या हातांनी?"

ती तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

मागे मोबाईलचा दिवा लागला.

"मावशी."

"काय?"

"हे दिवस नाहीत मोजलेले."

"तुला काय कळतंय? पन्नास वर्षांपूर्वीचं..."

"इकडे या ना. असा तिरका दिवा धरला की दिसतं. हे नुसते ओरखडे नाहीत. चित्रं आहेत."

मावशी आली, ती मुलीला गप्प करायलाच. मुलगी उकिडवी बसली होती, दिवा लाकडाला चिकटवून. आडव्या उजेडात प्रत्येक ओरखड्याला आपली सावली मिळाली होती, आणि सावल्यांनी आकार धरले होते. एकतीस वर्षांत मावशीने वरच्या बल्बच्या उजेडात, भरल्या डोळ्यांनी, हाताच्या अंतरावरून पाहिलेलं लाकूड हेच होतं.

"हा कंगवा. ही शिडी. मासा. चंद्रकोर. ही बहुतेक किटली. पान. डोळा. आता खालची ओळ बघा. शिडी पहिली आली, कंगवा शेवटी गेला. त्याखाली मासा पहिला, शिडी शेवटी. प्रत्येक ओळीत पहिली जी आहे ती पुढच्या ओळीत मागे जाते." वकीलीणबाईचा आवाज आता कोर्टातला राहिला नव्हता. पहाटे उठून कुणाला तरी बर्फ पडलाय असं सांगावं तसा झाला होता. "हे वेळापत्रक आहे, मावशी. कशाचं तरी नंबर लावलेत त्यांनी. एका वेळी एकच माणूस करू शकेल असं काय होतं या खोलीत?"

दोघींनी एकदमच मान वळवली.

खिडकी.

मावशीने हात पुढे केला. खिडकीच्या कट्ट्याचा मधला भाग गुळगुळीत होता, दोन्ही कडा खरबरीत. कुणीतरी बसून बसून झिजवलेला. हेही तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं, बांधणाऱ्याचंच काम कच्चं.

"रोजचे नंबर लावलेत. भांडण नको म्हणून." मुलगी ओळींवरून बोट फिरवत होती, न टेकवता. "केसांच्या पिनेने कोरलंय. इथे एक खाडाखोड आहे. चंद्रकोरने किटलीला आपला नंबर दिलाय. किटलीचा वाढदिवस असेल? का आजारी होती? इथे पुन्हा... मावशी, मुली किती म्हणालात?"

"सात."

"नक्की?"

"मी चादरी मोजून आणायचे. सात."

"पण प्रत्येक ओळीत खुणा आठ आहेत. सात झाल्या ना आपल्या? आणि ही आठवी. त्रिकोण आहे, वर वाकडा दांडा. होडी म्हणावी तर शीड नाही."

मावशी खाली बसली. गुडघेदुखीची तक्रार करायचीही राहून गेली. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक लाकडाला लागेल इतकं तोंड जवळ नेलं. खालची बाजू सपाट, पुढे टोक, वर मूठ.

"इस्त्री," ती म्हणाली.

आणि मग तिला आईचा आवाज ऐकू आला. आई संध्याकाळी घरी आली की पायांना तेल लावत सांगायची, आज लाल छत्रीवाली बाई गेली, छत्री उघडी आणि पाऊस नाही. आज पोस्टमन सायकलवरून आपटला, पण पत्रं नाही पडू दिली मेल्याने. बाप म्हणायचा, "इस्त्रीच्या खोलीला खिडकी नाही, तुला दिसतंय कुठून?" आई म्हणायची, "आज माझा नंबर होता." बाप हसायचा. छोटी मावशीही हसायची. मोठी झाल्यावर हसणं थांबलं आणि वाईट वाटायला लागलं. बिचारी आई. दिवसभर वाफेत उभी राहून मनाचे मांडे खायची, असंच ती आजपर्यंत धरून चालली होती. आई गेली तेव्हाही.

"माझी आई," मावशी म्हणाली. तिने नुसतं त्या त्रिकोणावर बोट ठेवलं, मग खालच्या ओळीतल्या, मग त्याच्या खालच्या. प्रत्येक ओळीत होता. एकही ओळ आईला वगळून नव्हती.

हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी, तिने मुलीला सांगितलं. मुलगी फरशीवर मांडी घालून ऐकत राहिली. मोबाईलचा दिवा त्या दारावर तसाच तिरका पडलेला.

"कोंडलेल्या होत्या त्या," मुलगी शेवटी म्हणाली. "सात जणींत एक खिडकी. आणि त्यातून त्यांनी आठवा नंबर काढला." तिने मान वर करून पूर्ण दार पाहिलं, वरपासून खालपर्यंत. देवळाचा कळस पाहावा तसं. "मावशी, त्या हसायच्या का हो?"

मावशीने आठवलं. खरं ते आठवलं. "खूप. इतक्या की आई इस्त्री थांबवायची. म्हणायची, ऐक, ऐक, आल्या रंगात."

"मी चौदा महिन्यांत त्या ग्रुपवरच्या एकाही विनोदाला मनापासून हसलेली नाही. आधी बघावं लागतं, विनोद माझ्यावर आहे का. फक्त त्या दिवशी, वीज गेली तेव्हा, न बघता हसले. तेवढाच फोटो निघाला." ती थांबली. "मला बाहेरून कुलूप नकोय. कुणालाच नकोय. पण त्यांची किल्ली रेक्टरकडे होती, मावशी. माझी तुमच्याकडे आहे. आणि जोडी लावल्यावर तुम्ही एकदा तरी विचारलंत का, कसं चाललंय म्हणून?"

जोडी लागली की कार्डं कपाटात जायची. निरोपाच्या दिवशीच बाहेर यायची. ज्या पुढे भेटायला यायच्या त्यांच्या जोड्या तिला ठाऊक होत्या. ज्या कधीच आल्या नाहीत, त्यांच्याबद्दल तिने विचार केला नव्हता. एकतीस वर्षं.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

मुलीने तिला हाताला धरून उठवलं. दार बंद केलं, पण कुलूप लावताना मावशीचे हात थांबले. कुलूप तिने किल्लीसकट पदराच्या गाठीत बांधलं आणि दार नुसतं लोटून ठेवलं.

दुपारी वकीलीणबाई अडतीसची किल्ली घ्यायला आली, तेव्हा तिच्या मागे चार पावलांवर चष्मिश होती. डोळे सुजलेले, काखेत टॉवेलात गुंडाळलेला टेबलावरचा दिवा.

"हा ने," ती म्हणाली. "अडतीसवाली अंधारात झोपते. मी विचारून आले."

"आणि तू? तुला कुठे अंधारात झोप येते?"

"बघीन मी काहीतरी." मग घाईघाईने, "मी लिहायला हवं होतं. मी टाईप केलं होतं गं. पाठवलं नाही."

वकीलीणबाईने तिच्याकडे पाहिलं. माफ केलं नाही, झिडकारलंही नाही. दिवा मात्र घेतला.

"रविवारी आणून देते."

"कुठल्या रविवारी?"

"बघू."

फळीवरच्या खिळ्यावरून मावशीने किल्ली काढून दिली. दोघींची कार्डं तिने सकाळीच बाहेर काढली होती. दोन्हींवर पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं: दिवा हवा. जोडी चुकली नव्हती. तेवढ्याने भागलं मात्र नव्हतं.

तासाभराने रेक्टर मॅडम अर्ज हातात घेऊन आल्या. वयाने मावशीच्या मुलीएवढ्या, पण अदबीने वागणाऱ्या.

"मावशी, तुमची सही आहे यावर. आणि हा चौथा रकाना कुठून आला?"

"मी आखला. पट्टी लावून."

"ते दिसतंय. सरळ आहे. पण कारण काय लिहिलंत? 'खिडकी'? अडतीसची खिडकी तर तिच्या आधीच्या खोलीपेक्षा लहान आहे!"

मावशी कार्डांचं कपाट रिकामं करत होती. या वर्षीची सगळी कार्डं, दोनशे तेवीस. ती एकावर एक रचत होती, नावं आणि चेहरे वर. पहिल्या खोलीची पहिली.

"मावशी, मी रागावत नाहीये. पण विचार करा. काळ्या मुलींचे आणखी पाच अर्ज येतायत, मला कळलंय. ते द्याल, ठीक. परवा गोऱ्या मुली येतील. म्हणतील, आम्हालाही आमच्यासारख्याच हव्यात. त्यांना काय सांगणार? तपकिरी कार्डं जाळणाऱ्या तुम्ही, तुम्हीच सांगा. फरक कसा करायचा?"

प्रश्न बरोबर होता. सकाळपासून मावशी स्वतःला तोच विचारत होती. तिने कार्डांचा गठ्ठा छातीशी धरला, कानामागे पेन्सिल खोचली, फळीवरच्या एकशे बारा खिळ्यांकडे एकदा पाहिलं. गळ्यातला दोरा रिकामाच लोंबत होता.

"मावशी? मी काहीतरी विचारतेय."

मावशी चपला सरकवून बाहेर पडली आणि एक नंबरच्या खोलीकडे चालू लागली.